धुलाईला लेखाशीर्ष नाही

मालवण-तारकर्लीच्या डायव्हिंगवाल्यांकडून येणाऱ्या तक्रारी आता आम्हाला पाठ आहेत. मीठ, कॉम्प्रेसरचे फिल्टर, पर्यटकांची घाई. या वेळी मात्र जव्हार-मोखाड्याकडून आलेली पत्रे वेगळी काढून ठेवावी लागली. तिथे समुद्र नाही, रंगीत मासे नाहीत, फोटो काढून घेणारे गिऱ्हाईकही नाही. आहेत ते धबधब्याखालचे डोह, आणि बुडालेल्या माणसाला शोधायला त्यात उतरणारे पाणबुडे. २ जुलै २०२० रोजी जव्हारजवळच्या काळमांडवीत पाच तरुण बुडाले, ते बहुतेकांना आठवत असेल.

एका वाचकाची हकिगत अशी. शोधकार्य संपवून रात्री डायव्हिंगचा संच परत करायला गेले, तर कार्यालयात एकच आग्रह: आजच्या तारखेला जमा झालाच पाहिजे. वेटसूटमधून पाणी निथळत होते, बीसीडीत पाणी तसेच होते. तरीही सगळे प्लास्टिकमध्ये गुंडाळून पेटीत गेले, कुलूप लागले, सील लागले आणि नोंदवहीत शेरा पडला, ‘सुस्थितीत’. पुढच्या बोलावण्याला पेटी उघडली तेव्हा माउथपीसला बुरशी आणि सेकंड स्टेजचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वाकडा चिकटलेला. दर श्वासाला तोंडात पाणी येत होते. गढूळ डोहात, हात पुढे केला तर बोटे दिसत नाहीत अशा ठिकाणी याचा अर्थ काय होतो, ते आमच्या वाचकांना सांगायला नको.

या गृहस्थांनी मग स्वतःच्या पैशाने पिंप, मऊ ब्रश आणि जंतुनाशक आणले व बिल लावले. रक्कम किरकोळ. बिल परत आले, वर शेरा: ‘सदर खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली?’ खरेदीला शीर्ष आहे. दुरुस्तीलाही आहे, पण त्यासाठी वस्तू नादुरुस्त असल्याचा दाखला आधी जोडावा लागतो. धुण्याला शीर्ष नाही. थोडक्यात, रेग्युलेटर पाण्याखाली बंद पडेपर्यंत वाट पाहा, जिवंत वर या आणि मग प्रस्ताव सादर करा.

वर एका साहेबांनी ऐकवले, ‘तुम्ही कुठे समुद्रात गेला होतात? गोड्या पाण्यातून आलेला संच गोड्या पाण्याने काय धुवायचा?’ साहेबांचे सोडा, आपल्यातले कितीतरी जण हेच मानतात. मीठ परवडले, कारण ते विरघळते. गाळ विरघळत नाही. पावसाळ्यात लेंडी किंवा वाघ नदीच्या लाल पाण्यात एक डाइव्ह झाली की ती बारीक माती डायफ्रॅमखाली, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला, इन्फ्लेटरच्या बटणात आणि बीसीडीच्या आतल्या फुग्यात जाऊन बसते. अशा वेळी दाब नसलेला सेकंड स्टेज बादलीत बुडवून पर्ज दाबणे म्हणजे तोच गाळ नळीतून वर फर्स्ट स्टेजकडे पाठवणे. डस्ट कॅप कोरडी करून घट्ट लावा, संच भिजत ठेवा, वरून पाणी सोडा. नळीचा फवारा व्हॉल्व्हवर मारू नका. बीसीडीत तोंडाच्या नळीने पाणी भरून खळखळवा, उलटी करून रिकामी करा, असे पाणी स्वच्छ येईपर्यंत. हे एकदाच करून भागत नाही.

मृतदेह शोधण्याची डाइव्ह असेल तर निर्जंतुकीकरण हवेच. पावसाळ्यातल्या साचलेल्या पाण्यात लेप्टोचे भय असते ते वेगळेच. इथे दुसरी गंमत सुरू होते. ग्रामपंचायतीत टीसीएल पावडर फुकट मिळते, म्हणून मूठभर टाकून सगळा संच रात्रभर बुडवणारे महाभाग आहेत. त्याने शिलाई कुजते, रबर कडक होते, धातूवरचा मुलामा जातो. जंतुनाशक उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितले आहे तेच, तेवढेच आणि तेवढाच वेळ वापरायचे. नंतर पुन्हा स्वच्छ पाणी. आणि ओ-रिंगला खोबरेल लावणाऱ्यांना हात जोडून विनंती: सिलिकॉन ग्रीस लावा, नाहीतर काहीच लावू नका.

स्वच्छ पाणी म्हणावे, तर ते उन्हाळ्यात आणायचे कुठून? मोखाड्यातल्या मध्य वैतरणा धरणातून मुंबईला रोज ४५ कोटी लिटरच्या वर पाणी जाते आणि त्याच तालुक्यात एप्रिल-मेमध्ये पाडे टँकरची वाट पाहतात. हंडे रांगेत असताना दोनशे लिटरच्या पिंपात वेटसूट धुवायला कोणाचा हात धजेल? पत्रलेखकाने टँकरला हात लावला नाही, ओढ्याचे पाणी फडक्याने गाळून वापरले. आम्ही त्याला दोष देणार नाही.

पावसाळ्यात पाणी मुबलक, तर ऊन नाही. चार चार दिवस सूर्यदर्शन नसते. घरातले ओले कपडे चुलीवरच्या दोरीवर जातात, त्यांच्याबरोबर वेटसूटही जातो. धूर आणि धग, दोन्ही निओप्रीनचे वैरी. आडोशाला, वारा खेळेल अशा पडवीत जाड दांडीवर टांगा, आधी आतली बाजू बाहेर काढून. बीसीडी अर्धी फुगवून ठेवा. सिलिंडर पूर्ण रिकामा करून व्हॉल्व्ह उघडा ठेवू नका. थोडा दाब राहू द्या, म्हणजे दमट हवा आत शिरत नाही. संच पूर्ण वाळेपर्यंत पेटी बंद होणार नाही, असा एक ओळीचा आदेश जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने काढला तर काय बिघडेल? २००५ च्या कायद्याने जिल्हाधिकारी या प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. तेव्हा सही कोणाची, हा प्रश्नच नाही.

नुसती सरकारला नावे ठेवून मोकळे होणारे आमचे किनारपट्टीचे सभासदही काही कमी नाहीत. दिवसभरातल्या सगळ्या पर्यटकांचे माउथपीस एकाच बादलीतल्या, दुपारी पांढऱ्या झालेल्या पाण्यात बुचकळणारे आम्ही पाहिले आहेत. मे अखेरीस मिठासकट संच गोणीत भरून ठेवायचे आणि हंगाम सुरू झाला की सर्व्हिसिंगवाल्याला शिव्या द्यायच्या, ही रीतच झाली आहे. या मंडळींना नळ आहे, ऊन आहे, कारागीर आहेत. सबब कोणती?

म्हणून आता थेट मागणे. तुमचा धंदा पावसाळ्यात बंद असतो आणि जव्हार-मोखाड्याच्या पाणबुड्यांचे काम नेमके तेव्हाच सुरू होते. रेग्युलेटर उघडून बसवण्याचे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी निदान दोघांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात जव्हारला यावे. संच उघडून दाखवा, काय टाकाऊ झाले आहे ते तोंडावर सांगा, आणि कार्यालयासाठी लेखीही द्या, कारण दाखल्याशिवाय तिथे पान हलत नाही. राहण्या-जेवणाचे तिथल्या वाचकांनी पत्करले आहे, प्रवासखर्च आमचे मासिक देईल. येताना ओ-रिंग, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि माउथपीसचे टाय आणा. जव्हारच्या बाजारात ते मिळत नाहीत.