फंडिंग मिळालं म्हणजे धंदा जमला, असं नाही



"ताई, क्रिप्टोचं ॲप काढायचंय, व्हीसीकडून फंडिंग कसं मिळवायचं?" हा प्रश्न बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच. पिच डेक कशी बनवायची ते व्हिडिओत सांगितलंय. इथे माझं मत सांगते. ग्राहकाच्या खिशातून पहिला रुपया येण्याआधी व्हीसीच्या दारात जाऊ नका. क्रिप्टोमध्ये तर नाहीच नाही.

आधी व्हीसीचं गणित समजून घ्या. ते एका फंडातून बऱ्याच कंपन्यांत पैसे टाकतात. त्यातल्या काही बुडणार हे त्यांनी धरलेलंच असतं. एक-दोन खूप मोठ्या झाल्या की सगळं वसूल. तुमच्याकडे मात्र एकच कंपनी असते.

एफटीएक्सचं उदाहरण बघा. जानेवारी २०२२ मध्ये या क्रिप्टो एक्स्चेंजची किंमत ३२ अब्ज डॉलर धरली गेली. सिक्वोया कॅपिटलसारख्या नामांकित व्हीसीचे २१ कोटी डॉलरहून जास्त त्यात होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. सिक्वोयाने ती गुंतवणूक शून्य धरली, पण फंड तरला. ग्राहकांचे पैसे मात्र अडकले, आणि संस्थापक सॅम बँकमन-फ्राइडला फसवणुकीसाठी २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा मोठं नाव पाठीशी आहे म्हणजे आतला हिशेब चोख आहे, असं समजू नका.

आता आपल्याकडे या. ऑक्टोबर २०२१ मध्ये कॉइनस्विच कुबेरने २६ कोटी डॉलर उभे केले. चारच महिन्यांनी बजेट आलं. क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर लागला, वर एकातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करायचा नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. हे दुकानदाराच्या भाषेत सांगते. कुणी १ लाखाचा माल दहा वेळा फिरवला, तर साडेनऊ हजारांच्या आसपास रक्कम टीडीएसमध्ये अडकते. रिटर्न भरल्यावर हिशेबात मिळते, पण तोवर भांडवल गेलं ना! एक्स्चेंजची कमाई उलाढालीवर. ती आटली की गल्ला रिकामा. कितीही फंडिंग असलं तरी हा नियम तुमच्या हातात नाही.

तिसरी गोष्ट, करार. समजा तुम्ही ५ कोटी घेतले आणि २० टक्के हिस्सा दिला. कंपनी पुढे ६ कोटींना विकावी लागली. तुम्हाला वाटेल, ८० टक्के आपले. पण व्हीसीच्या करारात "आधी माझी मुद्दल" ही अट बहुतेक वेळा असते. म्हणजे ५ कोटी त्यांचे, उरलेल्या १ कोटीत तुम्ही सगळे. सही करण्याआधी ही ओळ सीए आणि वकिलाकडून वाचून घ्या.

"पण ताई, एक्स्चेंजला पैसा लागतोच की!" बरोबर आहे. सिक्युरिटी लागते, वकील लागतात, आणि २०२३ पासून मनी लाँड्रिंग कायद्याखाली एफआययूकडे नोंदणीही लागते. म्हणूनच पहिला धंदा एक्स्चेंजचा नको. आजूबाजूचं काम बघा. क्रिप्टोवाल्यांना टॅक्सचा हिशेब डोकेदुखी झालाय. तो नीट करून देणारं सॉफ्टवेअर बनवा, ट्रेडर आणि सीए यांच्याकडून वर्षाची फी घ्या. ग्राहकाची नाणी तुमच्याकडे ठेवायची नाहीत, म्हणजे ती चोरीला जायची भीती नाही. शेअरबाजारात झिरोधा २०१० मध्ये सुरू झाली आणि व्हीसीचा पैसा न घेता मोठी झाली. प्रत्येकाला जमेल असं नाही, पण रस्ता आहे.

मी फंडिंगच्या विरोधात नाही. पैसे देणारे ग्राहक आहेत आणि भांडवलाअभावी त्यांना परत पाठवावं लागतंय, तेव्हा जरूर घ्या. तेव्हा भाव तुम्ही सांगाल.

तोवर एक काम करा. कागदावर तीन आकडे लिहा: पैसे देणारे ग्राहक किती, महिन्याचा खर्च किती, आणि उद्या उलाढाल निम्मी झाली तर किती महिने तग धराल. पहिल्या आकड्याच्या जागी शून्य असेल, तर पिच डेक बाजूला ठेवा आणि या आठवड्यात दहा ग्राहकांना भेटा.