आधी कागद, मग पैसा

व्यापाऱ्याची पत त्याच्या शब्दावर उभी असते. म्हणूनच 'तुमच्याकडे आमची बाकी निघते' असे कोणी दरडावून म्हटले की पेढीवरचा माणूस चपापतो आणि चारचौघांत बोभाटा नको म्हणून देऊन मोकळा होतो. ही भीड आता महाग पडू लागली आहे.

गेल्या वर्षी आमच्या धान्याच्या पेढीवर एका वसुलीवाल्याचा फोन आला. जुन्या बारदानाची बाकी राहिली आहे, असे त्याचे म्हणणे. बिलाची तारीख विचारताच त्याने उलट आमचाच पॅन, आधार व बँकेचा खातेक्रमांक मागितला. खात्याचा उतारा व वसुलीचे अधिकारपत्र लेखी पाठवावे, असे आम्ही कळविले. तो कागद आजतागायत आलेला नाही. ज्याचे येणे खरे आहे, त्याला ऋणकोची माहिती ऋणकोकडूनच काढून घेण्याचे प्रयोजन काय?

पुरावा मागितल्याने कोणी देणेबुडवा ठरत नाही. आपल्या सुरतेच्या जुन्या पेढ्यांवर चालणारी शाहजोग हुंडी आठवावी. ती आणणारा पतदार शाह आहे, याची खातरी झाल्यावरच पैसे दिले जात. हुंडी हरवली तर पेठ आणि तीही हरवली तर परपेठ दाखवावी लागे. रक्कम चुकती झाली की हुंडीचा खोखा होऊन ती देणाऱ्याच्या दप्तरी राही.

कायद्याचा रोखही हाच आहे. केवळ वहीतील नोंदीवरून कोणावर देणे लादता येत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यातील तत्त्व २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. उधार विकलेल्या मालाच्या किमतीचा दावा सामान्यतः ३ वर्षांत लावावा लागतो. परंतु त्या मुदतीत सहीनिशी लेखी कबुली दिल्यास मुदत नव्याने सुरू होते. म्हणून 'नुसती पोच द्या' असे सांगून पुढे केलेल्या कागदावर वाचल्यावाचून सही करू नये. बँकांच्या वसुली एजंटांनी सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर फोन करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावले आहे. माहिती देऊन फसगत झालीच, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी.

हा दंडक आपणांसही लागू आहे. आपला मुनीम उधारीच्या तगाद्यास जाईल, तेव्हा त्याच्या हाती खात्याचा उतारा व पेढीचे पत्र असलेच पाहिजे. खरे देणे एक दिवसही अडवू नये आणि न दाखविलेल्या देण्यापायी एक पैसाही देऊ नये, एवढेच सभासद बंधूंस सुचवावेसे वाटते.