गाडीगप्पा : चाकामागचा दगड

उन्हाळा जवळ आला की आपल्याकडे कोलोरॅडोच्या सहलींचे बेत सुरू होतात. यंदा दोघा-तिघांनी फोनवर विचारलं, "तुमच्याकडे फोर-व्हील-ड्राइव्हचा ट्रक आहे ना? मग डोंगरात न्यायला काय हरकत आहे?" हरकत काहीच नाही. पण डोंगरात ट्रक चालवण्याइतकंच तो उभा करणंही शिकावं लागतं, आणि ते मी जरा महागात शिकलो. तेच आज सांगतो.

लेक सिटीहून सिनॅमन पासकडे निघालो होतो. खिंड १२,६४० फुटांवर, रस्ता कच्चा, सुट्या खडीचा. बरोबर चिरंजीव, सूनबाई आणि पाच वर्षांचा नातू. चढ जरा सोपा झाला म्हणून मी फोर-व्हील काढून ट्रक नेहमीच्या टू-व्हीलवर आणला होता. तेवढ्यात नातवाला दगडावर बसलेला मार्मट दिसला. झालं! मी चढावरच थांबलो, गिअर 'पी'त टाकला, इंजिन बंद केलं आणि कॅमेरा घेऊन उतरलो. हँडब्रेक? घरच्या सपाट ड्राइव्हवेत वीस वर्षांत कधी ओढला नव्हता, तो तिथे कसा आठवणार!

सूनबाई खाऊचा डबा काढायला मागे गेल्या. खडी करकरली आणि ट्रक हळूहळू मागे यायला लागला. त्यांनी पोराला उचलून बाजूला उडी घेतली. मी मात्र शहाणा, दार धरून आत चढायला धावलो. चिरंजीवांनी मला मागून कॉलरला धरून खेचलं. बापाला असं खेचायची त्याची ती पहिलीच वेळ, आणि मी आजही त्याचे आभार मानतो. ट्रक आठ-दहा फूट जाऊन डोंगराच्या बाजूच्या मातीत रुतला. जिवावरचं बंपरवर निभावलं.

'पी'त असलेली गाडी घसरलीच कशी? 'पी' चाकांना धरत नाही, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. गिअरबॉक्सच्या आत एक लहानसा लोखंडी अडसर असतो, तो बाहेर जाणारा दांडा अडवतो. त्या दांड्यापुढे मागच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल. दांडा अडलेला असला तरी साधं डिफरन्शियल एका चाकाला पुढे आणि दुसऱ्याला मागे फिरू देतं. माझं उजवं चाक चाकोरीच्या कडेला, सुट्या खडीवर, जवळजवळ अधांतरी होतं. ते उलटं फिरलं, डावं उतारावर गडगडलं, आणि 'पी' आपल्या जागी इमानदारीत बसून राहिला!

हँडब्रेक मागच्या दोन्ही चाकांना वेगवेगळा धरतो, म्हणून तो असा फसत नाही. पण बहुतेक ट्रकांत तो फक्त मागच्याच चाकांवर असतो. ट्रकचं नाक उताराकडे असलं की वजन पुढे जातं, मागचा रिकामा हौदा हलका होतो आणि खडीवर चाकं अडकलेल्या स्थितीतच घसरतात. नाक चढाकडे असलं तर मागच्या चाकांवर भार येतो आणि ब्रेकला पकड मिळते.

म्हणून आता आमच्या घरचा नियम असा. थांबण्याआधीच फोर-लो घालायचं, म्हणजे पुढची चाकंही त्या अडसराला बांधली जातात. (जुन्या ट्रकात पुढच्या चाकांचे हब हाताने लॉक करायला विसरू नका.) पायाचा ब्रेक दाबून गिअर न्यूट्रलमध्ये घ्यायचा, हँडब्रेक घट्ट ओढायचा आणि पाय हळूच उचलून बघायचं. ट्रक हलला, तर ती जागा आपली नाही. थांबला, तरच 'पी'. हाताच्या गिअरचा ट्रक असेल तर इंजिन बंद करून पहिला गिअर. आणि ट्रान्स्फर केसचा छोटा दांडा 'एन'वर राहिला नाही ना, ते दोनदा बघा. तो 'एन'वर असला तर चारही चाकं गिअरबॉक्सपासून सुटलेली असतात. पुढच्या दाराला कुलूप आणि मागची भिंतच नाही, तशातली गत!

सॅन फ्रान्सिस्कोत तीन टक्क्यांहून जास्त उतारावर चाकं फुटपाथच्या कडेकडे वळवून ठेवायचा नियम आहे. डोंगरात फुटपाथ नाही, पण तत्त्व तेच: ट्रक सुटलाच तर दरीकडे न जाता डोंगराला टेकेल, अशी चाकं वळवा. उतारावर आडवा लावू नका आणि दरीच्या कडेच्या भुसभुशीत मातीवर तर नकोच.

शेवटी दगड. आपल्या घाटांत ट्रक थांबला की क्लीनर आधी उडी मारून चाकामागे दगड लावतो. लहानपणी कशेडी घाटात ते बघून आम्ही हसायचो. त्या पोराला डिफरन्शियल ठाऊक नसेल, पण एकट्या ब्रेकवर भरवसा ठेवायचा नाही, हे पक्कं ठाऊक होतं. दगड गोल नको, पाचरीसारखा हवा. तो चाकाच्या उताराकडच्या अंगाला, बाजूला उभं राहून लावायचा. निघताना वाटेतून काढूनही टाकायचा. मी आता हौद्यात दोन रबरी ठोकळेच ठेवतो.

एक गोष्ट मात्र सगळ्यांत महत्त्वाची. १९ जून २०१६ रोजी लॉस एंजेलिसमध्ये अँटन येल्चिन हा २७ वर्षांचा नट स्वतःच्या घराच्या उतरत्या ड्राइव्हवेत, मागे घरंगळत आलेल्या आपल्याच जीप ग्रँड चेरोकी आणि विटांच्या खांबामध्ये चिरडला गेला. 'पी' लागला की नाही हे नीट कळत नाही, म्हणून ज्या गाड्यांचा रीकॉल निघाला होता, त्यांतलीच ती गाडी. डोंगर नाही, खडी नाही, घरचंच अंगण! तेव्हा उभ्या गाडीच्या उताराच्या बाजूला उभं राहू नका, पोरांना राहू देऊ नका. आणि ती सुटलीच, तर जाऊ द्या. ट्रकचा इन्शुरन्स असतो, तो धरायला धावणाऱ्या आजोबांना बदली मिळत नाही.

त्या दिवशी मार्मटचा फोटो काही निघाला नाही. नातू अजून विचारतो. यंदा पुन्हा जाणार आहोत. ठोकळे आधी, कॅमेरा नंतर. पुढच्या अंकात भेटूच.