रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल, पण तपासणी राहिलीच!

पनवेलच्या आपल्या वस्त्यांत एखाद्या भगिनीला विचारावे, "ताई, गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी केली का?" तर उत्तर येते, "रक्त तपासलं ना, कॅन्सरचं सगळं नॉर्मल आहे." ही समजूत जिवावर बेतू शकते. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आहे की नाही, हे रक्त तपासून ठरत नाही.

कॅन्सरमुळे रक्तात वाढणाऱ्या काही पदार्थांना 'ट्युमर मार्कर' म्हणतात. तपासणी पॅकेजमध्ये अनेकदा दिसणारा 'सीए-१२५' मुख्यतः अंडाशयाच्या कॅन्सरसाठी वापरतात. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी 'एससीसी अँटिजेन' आहे. पण सुरुवातीला अनेक जणींत तो वाढलेला नसतो. उलट सोरायसिससारख्या त्वचारोगात किंवा मूत्रपिंडाच्या विकारात कॅन्सर नसतानाही वाढतो. म्हणजे नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नये, वाढला म्हणून हाय खाऊ नये.

मग तो निरुपयोगी का? नाही. तुकडा तपासून कॅन्सर पक्का झाला आणि उपचारापूर्वी मार्कर वाढलेला असला, तर उपचारानंतर तो उतरतो का, पुन्हा चढतो का, यावर डॉक्टर लक्ष ठेवतात. अशा भगिनींनी ती तपासणी चुकवू नये.

निदानाचा खरा मार्ग मात्र प्रत्यक्ष पाहण्याचा. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी गर्भपिशवीच्या तोंडाला सौम्य व्हिनेगर लावून पांढरा डाग उठतो का, एवढेच पाहिले. ज्यांची तपासणी झाली, त्यांच्यात या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. त्या बायका आपल्यासारख्याच वस्तीतल्या होत्या.

या तपासणीला काही मिनिटे लागतात. कॅन्सरपूर्व डाग सापडला तर बहुतेक वेळा गर्भपिशवी न काढता तेवढाच भाग नष्ट करता येतो. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर ५ वर्षांनी ही तपासणी आहे. पण घरकामाचा खाडा, पडद्याची लाज आणि "मला कुठं काय होतंय?" यात ती राहून जाते. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जात असेल, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जात असेल, तर शिबिराची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. टाटा मेमोरियलचेच केंद्र, ॲक्ट्रेक, आपल्या खारघरला आहे.

तथागतांनी धम्माला 'एहिपस्सिको' म्हटले: या आणि स्वतः पाहा. आरोग्यातही तेच हवे. विहार समित्यांनी आणि महिला मंडळांनी पुढच्या शिबिरात रक्ताच्या पॅकेजवर पैसा घालवण्याआधी आशाताईंशी बोलावे, सुट्टीचा दिवस धरावा, आडोशाची खोली आणि स्त्री कर्मचारी मागाव्यात. रविवारी वंदनेनंतर पाच मिनिटे या विषयाला द्यावीत. पुरुषांनीही ऐकावे, घरच्या बाईला त्या दिवशी कामातून मोकळे करणे हे त्यांचे काम आहे.

जय भीम!