धरणातले पाणी गेले कोठे?

सन २०१६ च्या १२ एप्रिलास मिरजेहून पाण्याची आगगाडी लातुरास पोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्याच शहरात आदल्या महिन्यात पाण्याच्या टाक्यांपाशी पाचांहून अधिक माणसे जमू नयेत म्हणून कलम १४४ पुकारावे लागले होते. तहानलेल्यास पाणी पाजले हे पुण्यच. त्याबद्दल आम्ही मायबाप सरकारास नावे ठेवीत नाही. आमचा सवाल निराळा आहे. लातुरास पाणी पुरविणारे धनेगावचे मांजरा धरण, त्यातले पाणी गेले कोठे? पाऊस रुसला हे खरे. पण सारा दोष बिचाऱ्या मेघराजाच्या माथी का? त्याच कोरड्या टापूत साखरेचे कारखाने उभे राहिले, ते काय सरकारच्या परवान्यावाचून? राज्याच्या एकूण लागवडीत उसाचा वाटा थोडका, पण पाटबंधाऱ्यांच्या पाण्यात निम्म्याहून मोठा. ज्वारी-तूर पेरणाऱ्या कोरडवाहू कुणब्याचे नाव मात्र टँकरच्या यादीत!

आम्ही शाळामास्तर. आमचा हजेरीपट कोणी पाहावा: टँकरच्या दिवशी पोरी गैरहजर, घागर घेऊन रांगेत. टँकर प्रथम कोणाच्या आळीत रिता होतो आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीस काय उरते, हे मामलेदारसाहेबांनी एकदा न कळविता येऊन पाहावे. टँकर किती धाडले हे सरकार हौसेने सांगते. धरणातले पाणी पिण्यास किती व उसास किती, हा आकडाही दरसाल पावसाळा सरताच गावोगावच्या चावडीवर लावावा.