सही करण्याआधी सातबारा वाचा



शिष्यवृत्ती मिळवून परदेशी निघालेल्या आपल्या मुलामुलींचा आपण विहारात सत्कार करतो, स्टेटसला फोटो ठेवतो. त्यांच्या मागे गावात राहिलेल्या कागदांची चौकशी मात्र कुणी करत नाही.

जर्मनीत शिकणाऱ्या एका मुलीचे वडील वारले. आजोबांच्या नावावर महार वतनाची दोन एकर जमीन, वारस नोंद कधी झालेलीच नाही. महिन्याभरात गावातल्या एका ‘ओळखीच्या’ने व्हॉट्सॲपवर मसुदा पाठवला. ‘तू एवढ्या लांब, कशाला धावपळ? सही करून पाठव, बाकी मी बघतो.’ तिने दूतावासाची वेळही घेतली होती. बरं झालं, आदल्या दिवशी मसुद्याचे फोटो आमच्याकडे आले. ते कुलमुखत्यारपत्र होतं. जमीन विकणे, गहाण ठेवणे, विकसन करारनामा करणे, मोबदला स्वीकारणे, सगळं त्यात होतं. वारस नोंदीला यातलं एकही कलम लागत नाही!

बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणलं ते या गुलामीतून सुटका व्हावी म्हणून. वतनं गेली ती 1958 च्या कायद्याने. जमीन वतनदारांकडे राहिली, पण भोगवटादार वर्ग २ म्हणून. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. म्हणून दलाल आधी जमीन घेत नाहीत, सह्या घेतात. 2025 साली मुंढव्याच्या वतन जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला, तिथेही मुखत्यारपत्रच होतं.

काही मित्र म्हणतात, आता सगळं ऑनलाइन आहे, यात जात कुठे आली? जात इथेच आली. ज्यांच्या घरात तीन पिढ्या वकील आणि कारकून आहेत, त्यांचा मुलगा बोस्टनला असला तरी काका तहसिलीत असतो. आपल्याकडे घरातला कागद वाचणारा पहिला माणूसच विमानात बसून गेलेला असतो. मागे राहते आई, आणि तिच्यासमोर ‘ओळखीचा’.

ऑनलाइनचा उपयोग जरूर करा. वारस नोंदीचा अर्ज ‘ई-हक्क’वर करता येतो. फेरफाराची नोटीस ‘आपली चावडी’वर दिसते आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. बर्लिनमध्ये बसूनही ती बघता येते. महिन्यातून दोनदा आपल्या गावाचं पान उघडायला काय लागतं?

मुखत्यारपत्र द्यावंच लागलं, तर खास द्या. गट नंबर, नेमकं काम आणि मुदत लिहा, आणि विक्रीचा अधिकार देत नाही हेही स्पष्ट लिहा. सही दूतावासात अधिकाऱ्यासमोर करा. कागद भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरलं पाहिजे. कपाटात ठेवून दिलेला कागद आयत्या वेळी अडकतो.

त्या मुलीने शेवटी आईच्या नावाने खास मुखत्यारपत्र केलं. वारसांची यादी तयार करताना तिनेच आम्हाला विचारलं, ‘आत्यांची नावं कुठे आहेत?’ गावाकडून आलेल्या यादीत फक्त काका होते. आजोबांची जमीन, त्यामुळे दोन्ही आत्यांचा हक्क काकांइतकाच. आता अर्जात त्यांची नावं आहेत. काका आमच्याशी बोलत नाहीत.