तंबूतील निखारे

बाघ नदीचा पूल ओलांडला की महाराष्ट्र, अलीकडे राहिलो की मध्य प्रदेश; राजेगावची थंडी मात्र दोन्ही राज्यांची एकच. हिवाळ्यात विदर्भातील सर्वांत कमी तापमानासाठी ज्या गोंदियाचे नाव वृत्तपत्रांत वारंवार येते ते येथून जवळच आहे, आणि आपल्याच बालाघाट जिल्ह्यात कान्हाच्या मुक्की भागात पहाटे गवतावरचे दव गोठलेले दिसते. नेमक्या याच दिवसांत उघड्यावर रात्र काढण्याचे प्रसंग आपल्याकडे येतात. धानाच्या खळ्यावर राखणीला झोपणारा शेतकरी, राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरातील विद्यार्थी, माघ पौर्णिमेच्या सुमारास कचारगडच्या यात्रेला लेकराबाळांसह निघणारे गोंड भाविक, आणि अलीकडे कान्हा-नागझिऱ्याकडे हौसेने तंबू ठोकणारी शहरी कुटुंबे. या सर्वांना आपण डॉक्टर मंडळी एकच सांगतो, "गरम कपडे घ्या, थंडी सांभाळा." हा सल्ला अपुरा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडच्या तापमानात पोटभर जेवलेला, कोरड्या पांघरुणातला निरोगी माणूस थंडीने सहसा दगावत नाही. थंडीच्या भीतीने तंबूत घेतलेल्या निखाऱ्यांनी मात्र एका रात्रीत सारे कुटुंब दगावू शकते.

लोकांना भीती धुराची वाटते. म्हणून शेकोटी बाहेर पेटवितात, ज्वाला निवाली, धूर थांबला, की फुललेले निखारे घमेल्यात किंवा शेगडीत भरून आत आणतात. खरा धोका येथेच सुरू होतो. अपुऱ्या हवेत जळणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला ना रंग, ना वास. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. वरून राख टाकल्याने निखारा झाकला जातो, विझत नाही. दवाने भिजलेल्या तंबूच्या कापडातून हवा फारशी येत-जात नाही, आणि वारा लागू नये म्हणून कडा आपणच मातीने दाबलेल्या असतात. "थोडी फट ठेवली होती" हे समाधान म्हणून ठीक आहे, संरक्षण म्हणून नाही. गॅसची शेगडी वा हीटर आत लावणे हा त्याचाच सुशिक्षित प्रकार होय. जानेवारी 2020 मध्ये नेपाळातील दामन येथे केरळचे आठ पर्यटक एका खोलीत गॅस हीटर लावून झोपले. त्यांत चार मुले होती. आठही जण गेले. दक्षिण ध्रुवाच्या हिवाळ्यात 1934 साली एकटा राहिलेला अनुभवी संशोधक रिचर्ड बर्ड हाही बर्फाने नव्हे, तर स्वतःच्या स्टोव्हच्या व जनरेटरच्या वायूने मरणाच्या दारी पोचला होता.

आता थोडे व्यवसायबंधूंसाठी. शिबिरातील पाच-सहा मुले सकाळी डोकेदुखी, मळमळ, चक्कर घेऊन आली की आपला हात आधी रात्रीच्या जेवणाकडे जातो. अन्नविषबाधा ठरते, सलाइन लागते, आणि दुपारी बरी वाटणारी मुले रात्री पुन्हा त्याच तंबूत झोपायला जातात. एका तंबूतील सारेच आजारी, ताप नाही, जुलाब नाहीत, मोकळ्या हवेत आल्यावर उतार, एवढे दिसले तरी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: "रात्री जवळ विस्तव होता का?" बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर येथे विसंबू नये. कोविडनंतर तो घरोघरी पोचला आहे. पण साधे यंत्र कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन प्राणवायूयुक्तच समजते आणि अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव दाखवीत राहते. पुस्तकातील चेरीसारखी लाल कांती बहुधा उशिरा दिसते किंवा दिसतच नाही. निदानासाठी को-ऑक्सिमेट्री लागते, ती आपल्या गावांत कोठून मिळणार? तेव्हा संशय हेच निदान मानावे, आणि अहवालाची वाट न पाहता मास्कने पूर्ण प्राणवायू सुरू करावा. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्म्यावर यायला चार ते सहा तास लागतात, शंभर टक्के प्राणवायूवर सुमारे एक ते दीड तास. गर्भवतीला तर तो अधिक काळ द्यावा लागतो, कारण गर्भाच्या रक्तातून हा वायू हळू उतरतो. रुग्णाला आधी बाहेर ओढावे आणि मग 108 ला फोन करावा. पुलाच्या दोन्ही बाजूंना क्रमांक तोच आहे.

तर मग थंडी सहन करावी काय? मुळीच नाही, आणि आपल्या भागात तर नाहीच. गोंदिया-बालाघाट पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण गावोगाव आहेत. 1 जुलै 2023 रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ मध्य प्रदेशातील शहडोल येथूनच झाला. अशा मुलाला गारठा बाधला की हाडे ठणकण्याचा झटका येऊ शकतो. म्हणूनच आई शेगडी त्याच्या उशाशी ठेवते, आणि आधीच प्राणवायू कमी वाहणाऱ्या त्या रक्तावर आणखी घाला पडतो. तिला नुसते "विस्तव नको" म्हणून चालणार नाही. त्याऐवजी काय, हे सांगता आले पाहिजे.

ते आपल्या खळ्यावरच आहे. अंगातली ऊब वरून जाते तितकीच खालूनही जाते. दोन घोंगड्या अंगावर आणि खाली एक सतरंजी हा व्यवहार तोट्याचा. जमिनीवर आधी ताडपत्री, त्यावर वीतभर कोरडी तणस, मग अंथरूण. जुने राखणदार हे न शिकविता करीत आले आहेत, शिबिरांच्या आयोजकांना मात्र सांगावे लागते. तंबू नदीच्या वाळूत किंवा खोलगट माळावर ठोकू नये, कारण जड थंड हवा रात्री तेथेच साचते. थोड्या उंचवट्यावर, झाडोऱ्याच्या आडोशाला जागा पाहावी. दिवसभर घामेजलेले कपडे झोपताना बदलावेत, कान-डोके झाकावे, जेवण तेल-गुळाचे असावे. दारूने ऊब येते हा भ्रम आहे. कातडीकडे रक्त धावते आणि आतले शरीर थंड पडते. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पायाशी घेणे उत्तम, मात्र मधुमेहाने पाय बधिर झालेल्या आजोबांच्या पायाशी ती नको. त्यांना भाजल्याचे कळत नाही. सिकलसेलच्या मुलाला पाणीही भरपूर पाजावे, थंडीत तहान लागत नाही म्हणून ते राहून जाते.

दर हिवाळ्यात आपल्यासारख्या संस्था घोंगड्या वाटतात, छायाचित्रे येतात. घोंगडीबरोबर एक जाड ताडपत्री द्यावी, असे मी सुचवितो. खर्च फारसा वाढणार नाही. शिबिराच्या आधी विद्यार्थ्यांना योग्यतेचा दाखला देताना कार्यक्रम अधिकाऱ्याकडून एक अट लिहून घ्यावी, की शेकोटी तंबूपासून दूर राहील आणि झोपण्यापूर्वी पाणी ओतून विझविली जाईल. नुसती राख लोटून नाही.